शिंजीर आणि कुमुदबाईंचं सफरचंद

एक होता शिंजीर. अंगठ्याएवढा पक्षी. चोच सुईसारखी, जरा वाकडी. जास्वंदीच्या फुलातला मध प्यायचा. चुरुक चुरुक.

सोलापूरकडची बाग. कडक ऊन. बागेच्या मालकीण कुमुदबाई.

एक दिवस बाईंनी जास्वंद उपटली. तिथं लावलं सफरचंदाचं झाड. फोटोत फार छान दिसत होतं. फोटोत बर्फही होता. तो बाईंनी पाहिला नाही.

शिंजीर उपाशी. फुर्र फुर्र. गेला बागेत राबणाऱ्या अक्कांकडे.

"अक्का, अक्का, जास्वंद लावा."

"बाई सांगतील, तर लावेन."

फुर्र फुर्र. गेला बाईंकडे.

"बाई, बाई, अक्कांना सांगा. अक्का लावेनात, मला मध मिळेना."

"झाड जागा सोडेल, तर सांगेन. एवढ्या लांबून आणलंय."

फुर्र फुर्र. गेला झाडाकडे.

"झाडा, झाडा, जागा सोड. बाई सांगेनात, अक्का लावेनात, मला मध मिळेना."

झाडाला घाम फुटला होता. तरी म्हणालं, "थंडी येणार आहे. ती नाही म्हणेल, तर हलेन."

फुर्र फुर्र. दूर डोंगरावर बसली होती थंडी.

"थंडी, थंडी, नाही म्हण. झाड हलेना, बाई सांगेनात, अक्का लावेनात, मला मध मिळेना."

"तोंडावर नाही कसं म्हणू? बरं दिसत नाही. ऊन समोर येईल, तर म्हणेन."

फुर्र फुर्र. गेला उन्हाकडे.

"उन्हा, उन्हा, समोर ये. थंडी बोलेना, झाड हलेना, बाई सांगेनात, अक्का लावेनात, मला मध मिळेना."

ऊन जरा खाली वाकलं. मग हळूच म्हणालं, "मला सगळे जा म्हणतात. तू ये म्हणालास?"

"हो. ये ना."

ऊन आलं. रणरण रणरण.
थंडी म्हणाली, "नाही बाई, मला नाही जमणार."
झाड म्हणालं, "मग मला डोंगरावर पाठवा." टेम्पोत बसलं. घुर्र घुर्र गेलं.
बाई म्हणाल्या, "अक्का, लावा जास्वंद."

अक्कांनी ती टाकलीच नव्हती. विहिरीमागच्या कुंडीत, सावलीत जपली होती. आणली, लावली, रोज पाणी घातलं. महिन्यानं फुललं लाल लाल फूल.

शेजारणी बघायला आल्या. बाई म्हणाल्या, "मी पहिल्यापासून सांगत होते. आपल्याकडे जास्वंदच हवी."

अक्कांनी जास्वंदीला पाणी घातलं.

शिंजीराची चोच फुलात होती.

चुरुक चुरुक.