सगळं एकच म्हणणाऱ्या वाळव्या

वाचनालयांना कुलपं लागून पुष्कळ वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका कपाटात एक वाळवी पदार्थविज्ञानाचा जाडजूड ग्रंथ पोखरत होती, तर दुसरी शेजारची वेदान्ताची पोथी. मधल्या फळीत दोघींची गाठ पडली. एकमेकींचा घास चाखताच त्यांनी सभा भरवली.

"विज्ञान आणि अध्यात्म एकच आहे! चव तीच!" पहिली गरजली.

"अणू, आत्मा, चैतन्य, सगळं एकच!" दुसरीने री ओढली.

कागद तो कागद, चव वेगळी लागेल कशी? पण सभेत तसं विचारायची रीत नव्हती. सगळ्या वाळव्या माना डोलावत राहिल्या.

भिंतीवरच्या पालीने विचारलं, "पण त्यात लिहिलं काय होतं?"

"अक्षरं होय? असल्या क्षुल्लक गोष्टींत आम्ही अडकत नाही."

"वा!" पाल खाली सरकली. "मला भूक लागली आहे. सगळं एकच, तर तुमच्यापैकी कुणालाही खाल्लं तरी चालेल ना?"

"तिला खा!" दोघी एकदम किंचाळल्या. "ती निराळी आहे!"

पालीने दोघींनाही खाल्लं. चव तेवढी खरंच एकच निघाली.