टेम्पोला दिलेली नोटीस

कासारपुरात रस्त्यावर पडून राहिलेल्या गाड्या उचलून आवारात ठेवण्याचा नगरपालिकेचा ठेका गुलाब खोपड्यांकडे होता. मिशीला पीळ दिल्याशिवाय हा माणूस बोलत नसे. तिथला कायदा सरळ होता: कर्जावरची गाडी उचलली, तर तीन दिवसांत कर्ज देणाऱ्याला कळवायचं. नाही कळवलं, तर गाडी ठेवल्याचं भाडं मागायचं नाही.

भिकू लांडगे पाय मोडून दवाखान्यात पडला आणि रस्त्यावर राहिलेला त्याचा टेम्पो खोपड्यांनी उचलला. चाळीस दिवसांनी टेम्पोला कर्ज देणाऱ्या पतसंस्थेच्या व्यवस्थापक सरूबाई गायधनींना निरोप आला, भाडं भरा, नाहीतर टेम्पोचा लिलाव करतो. भिकूचं घर त्या टेम्पोवर चालत होतं. बाईंनी तक्रार केली. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी दोघांना समोर बोलावलं.

"नोटीस दुसऱ्याच दिवशी दिलीय," खोपडे गुरकावले. "टेम्पोच्या काचेवर डकवली. हा फोटो बघा, साहेब."

"टेम्पो तुमच्या कुलपात," बाई म्हणाल्या. "मी वाचायची कशी?"

"ते तुमचं तुम्ही बघा. टेम्पोवर कर्ज तुमचं. टेम्पोला दिली म्हणजे तुम्हाला दिली."

"असं का? मग टेम्पो काय म्हणाला?"

"टेम्पो काय म्हणणार, बाई!"

"मग भाडंही त्यालाच मागा, भाऊ. नोटीस त्याला दिलीत, तुमच्याकडे राहिलाही तोच. आम्हाला मध्ये कशाला घेता?"

मुख्याधिकाऱ्यांचा चहा नाकात गेला. खोकला थांबल्यावर त्यांनी भाडं रद्द केलं आणि टेम्पो भिकूच्या घरी पोचवायचा हुकूम दिला.

चाळीस दिवसांत टेम्पोची बॅटरी पार उतरली होती. खोपड्यांना तो स्वतःच्या क्रेनने भिकूच्या दारापर्यंत ओढत न्यावा लागला.