बर्फाखालचं रडणं

उत्तरेच्या अगदी टोकाला सामी लोकांचं एक चिमुकलं गाव आहे. तिथे हिवाळ्यात सूर्य चक्क रजेवर जातो आणि भर दुपारी चांदण्या लुकलुकतात. त्या पाहायला दूरदूरचे पाहुणे येतात. तिथल्या छोट्या सुन्नाची आई त्यांच्यासाठी तंबूत कॉफी उकळायची. दोघी मायलेकींचं पोट त्यावरच चालायचं.

गावात एक रीत होती. गरम पाणी बाहेर ओतायचं, तर आधी सांगायचं, "खालच्यांनो, सरका हं." जमिनीखालीही कुणीतरी राहतं, त्यांचीही लेकरं तिथे खेळत असतात. एकदा पाहुण्यांची झुंबड उडाली आणि घाईत आई सांगायलाच विसरली. उकळती किटली तिने तशीच बर्फावर रिकामी केली. त्या दिवशी ती झोपली ती उठेचना. श्वास चालू होता, पण हातपाय गार. असे तीन दिवस गेले. सुन्ना फार घाबरली होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती एकटीच रानात गेली. आकाशात हिरवा-जांभळा उजेड झुळझुळत होता. झाडांमागून पांढऱ्याशुभ्र रेनडिअरचा कळप आला. चालताना रेनडिअरच्या पायांतून टकटक आवाज येतो. यांच्या पायांतून येत नव्हता. मागे चंदेरी झग्यातली परी होती. एवढ्या थंडीत तिच्या तोंडातून वाफ निघत नव्हती.

"काहीतरी माग, बाळ," परी हळूच म्हणाली. "पण एकदाच, आणि एकासाठीच."

सुन्ना आईचं नाव घेणार, एवढ्यात बर्फाखालून इवलंसं रडणं ऐकू आलं.

"कोण रडतंय?"

"माझं पिल्लू. पाऊल भाजलंय त्याचं."

"मग तुम्ही बरं करा ना त्याला."

"आम्हाला आमच्यासाठी मागता येत नाही. ते माणसानेच मागावं लागतं. आणि येणारा प्रत्येक जण स्वतःचंच मागून जातो."

सुन्नाला आई हवी होती, दुसरं काहीच नको होतं. पण ते मुसमुसणं तिला ऐकवेना.

"त्याचं पाऊल बरं होऊ दे," ती म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

बर्फाखाली शांत झालं. परी तिच्याजवळ आली.

"तुझ्या आईला मीच खाली पिल्लापाशी धरून ठेवलं होतं," ती म्हणाली. "आता सोडलं."

लख्ख हिरवा उजेड झाला आणि परी त्यात विरघळून गेली. बर्फावर तिचं एकही पाऊल उमटलं नव्हतं.

सुन्ना धावत घरी आली. आई अंथरुणात उठून बसली होती. तान्हं बाळ कुशीत घ्यावं तसे तिने हात धरले होते.

"आई," सुन्नाने हाक मारली.

"हळू बोल गं," आई कुजबुजली. "तीन दिवस रडत होतं. आत्ता कुठे झोपलंय."