कबऱ्या खेचराचा नकार

सूर्योदयानंतर दोन घटका झाल्या होत्या. शिरीषनगराच्या पश्चिम दरवाजातून बारा कबरी खेचरे कड्याकडे हाकली जात होती.

पूर्वी त्या नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व खेचराच्या योनीत जन्मले होते. अंग तांबूस, पुठ्ठ्यावर पांढरे ठिपके. घाटात मीठ वाहणारा खेचरांचा तांडा कोसळला, तेव्हा खेचरांवरचा अधिकारी भद्रघोष राजाला म्हणाला, "कबरी जनावरे अपशकुनी. ती असेपर्यंत घाट बळी घेणारच." राजाने सगळी कबरी खेचरे कड्यावरून लोटण्याची आज्ञा दिली.

बोधिसत्त्व सर्वांत पुढे होते. ऐन दरवाजात त्यांनी चारही पाय रोवले. चाबूक बसले, ते हलले नाहीत. मागची अकरा थांबली, आणि त्यांच्यामागे स्नानाला निघालेल्या राजाची पालखीही अडली.

"चल, गाढवाच्या पोरा," भद्रघोष म्हणाला.

"बाप गाढव होता, हे मी कधी लपवले नाही. तू मात्र आमच्या पाठी लपवतोस. महाराज, माझे ठिपके आईचे. ती घोडी कबरीच होती. या अकरा जणांच्या आया काळ्याभोर. मग यांच्या पाठीवर पांढरे कोठून आले?"

"दैव," भद्रघोष म्हणाला.

"दैव इतके मापून बसत नाही. खोगीर आणा."

राजाने खोगीर आणवले. त्या अकरांच्या एकेका पाठीवर ते ठेवले, की पांढरा डाग बरोबर त्याखाली झाकला जाई. बोट फिरवले, की जुना व्रण हाताला लागे. अतिभाराने कातडी सोलली होती आणि बरी होताना तेथे पांढरे केस उगवले होते. तांडाही त्याच भाराने कोसळला होता. तबेल्यातल्या प्रत्येक मोतद्दाराला हे ठाऊक होते.

राजाने खोगीर खाली ठेवायला लावले. मग म्हणाला, "तुम्हांला क्षमा केली. जा."

"क्षमा अपराध्याला करतात, महाराज. आम्ही अपराध केलेला नाही. भार निम्मा होईपर्यंत मी येथून हलणार नाही."

भार निम्मा झाला. भद्रघोषाचा अधिकार गेला.

एवढी कथा सांगून भगवान शास्ते समोर बसलेल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा भद्रघोष म्हणजे दुसऱ्यांच्या ठिगळी चीवरांना हसणारा हा भिक्षू. राजा म्हणजे ते हसणे ऐकून गप्प बसलेला हा वडीलधारा स्थविर. खेचर मीच होतो. जिवावर बेतले तरी खरे तेच बोलणे, ही सत्यपारमिता."

खेचर दरवाजात अडले, त्याच्या आदल्या वसंतात त्याच कड्यावरून एकोणीस कबरी खेचरे लोटली गेली होती. त्यांच्या पाठी कोणी तपासल्या होत्या का, हे आजवर कोणी सांगितलेले नाही.