लाल पन्नी आणि नदीवरचं ऊन

वैनगंगेच्या काठी एका गावात एक फोटो काढणारी मुलगी राहत होती. तिचं नाव निलाक्षी कापगते. हात कसबी, पण जीव चिमणीएवढा. मागून कुणी हाक मारली की ती दचकायची. घरात ताटली पडली की दचकायची. इतकंच काय, दुसऱ्याच्या तोंडावर स्वतःच फ्लॅश मारून स्वतःच दचकायची.

तिचे फोटो मात्र मुळीच भित्रे नव्हते. फ्लॅशच्या काचेवर ती रंगीत पन्नी लावायची. फोटोच्या धंद्यात अशा पन्नीला 'जेल' म्हणतात. लाल पन्नी, हिरवी पन्नी, जांभळी पन्नी. संध्याकाळी नदीवर चांगला उजेड असला तरी ती फोटो असा काढायची की मागचं आभाळ काळंकुट्ट पडावं आणि माणूस तेवढा निखाऱ्यासारखा पेटलेला दिसावा. फोटो काढून घेणारी पोरं खूश होत. "एक नंबर!" म्हणत. नदी कुठं गेली, झाडं कुठं गेली, हे कुणी विचारत नसे. निलाक्षीलाही ते बरंच वाटे. रंग गडद असला की त्याच्याखाली सगळं झाकून जातं, हे तिला ठाऊक होतं. मान जरा वाकडी राहिली, डोळा जरा मिटला, आपला हात जरा हलला, काही कळत नाही. माणूसही कळत नाही, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या भागात दिवाळीनंतर धानाची कापणी उरकते आणि गावोगाव नाटकांचे मंडप पडतात. तिथल्या एका नाटक कंपनीचे मालक होते सदाशिवराव नाकाडे. त्यांच्या पोस्टरांचा एक रिवाज होता. सासू लाल, सावकार हिरवा, नाचणारी जांभळी. वाचता न येणाऱ्यालाही लांबून कळावं, शिव्या कुणाला द्यायच्या आणि शिट्टी कुणाला मारायची. हे सगळे फोटो निलाक्षीच काढायची.

लाल रंग ठरलेला होता सत्यशीलाबाई लाडे यांना, आणि सासूचं लुगडंही लालच. खाष्ट सासू करावी तर त्यांनीच. त्यांची लाल पोस्टरं अशी गाजली होती की बाई बाजारात गेल्या तर भाजीवाली सुनेच्या बाजूनं त्यांच्याशी भांडायची. बाई हसून सोडून द्यायच्या. "माझ्यासारखी गरीब सासू नाही या जिल्ह्यात," म्हणायच्या, "सूनच नाही मले!" पण एकदा एका चिमुरडीला त्यांनी ओंजळभर बोरं देऊ केली, तर ती किंचाळत आईमागे लपली. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत, हे कंपनीत सगळ्यांना कळलं, निलाक्षीलाही.

त्या वर्षी कंपनीनं नवं नाटक घेतलं. त्यात एक नावाडीण होती. नवरा पुरात गेल्यावर स्वतः होडी चालवून लेकरं वाढवणारी आई. सत्यशीलाबाई सरळ मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ही आई मी करीन."

मालक हसले. "तुम्ही? अवो बाई, तुम्ही लेकराले पोटाशी धरलं ना, का लोक मंडपातून ओरडतील, गळा दाबून राहिली, वाचवा!"

"ओरडू द्या. पडदा पडेपर्यंत रडतील."

मालक माणूस वाईट नव्हते. पण हंगाम वाया जाईल या भीतीनं त्यांना झोप लागत नसे. डोकं खाजवत ते म्हणाले, "असं करू. उद्या संध्याकाळी नदीवर फोटो काढू. फोटोत मले आई दिसली, तर आई तुमची. सासू दिसली, तर सासू तुमची, आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी निलाक्षी फ्लॅश, स्टँड आणि पन्न्यांची पिशवी घेऊन नदीवर गेली. वाळूवर एक होडी, तिकडच्या बोलीत डोंगा, ओढून ठेवली होती. साधं सुती लुगडं नेसून, हातात होडी ढकलायचा बांबू धरून सत्यशीलाबाई तिथं उभ्या होत्या. मालक पानाची पिंक टाकत फेऱ्या मारत होते.

बाई हळूच म्हणाल्या, "पोरी, आजवर तू मले जशी दाखवली, तशीच लोकांनी पाहिली. तुले दोष नाही देत. पण आज जरा मी दिसू दे."

निलाक्षी दचकली. या वेळी कुणी ओरडलं नव्हतं, काही पडलं नव्हतं, तरी दचकली. इतकी वर्षं आपण फक्त फोटो काढतो असं तिला वाटत होतं. आपल्या फोटोमुळे कुणी उपाशी झोपतं, हे तिला पहिल्यांदा उमगत होतं.

सूर्य पलीकडच्या काठावर कलला होता, बाईंच्या पाठीमागे. पाणी सोनेरी, वाळू सोनेरी, आणि बाईंचा चेहरा मात्र सावलीत. फ्लॅश लावणं भाग होतं. निलाक्षीचा हात सवयीनं पिशवीत गेला आणि सवयीनं लाल पन्नी घेऊन बाहेर आला. तिनं फोटो काढला.

मालकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून पाहिलं. नदी काळी, आभाळ काळं, आणि मधे लालबुंद बाई, बांबू उगारल्यासारखी.

"सासू," मालक म्हणाले. "डोंगा चोरून आणलेली सासू."

"थांबा," निलाक्षी म्हणाली. आवाज इतका बारीक की तिचा तिलाच ऐकू आला. तिनं लाल पन्नी काढून टाकली. नुसता पांढरा फ्लॅश मारला.

हा फोटो तर आणखीच वाईट आला. मागं केशरी आभाळ, आणि बाईंचा चेहरा तांदळाचं पीठ फासल्यासारखा पांढराफटक. जणू दुसऱ्याच कुठल्या गावात काढलेलं तोंड कापून इथं आणून चिकटवलं होतं.

"आता मेलेली सासू," मालक म्हणाले. "आधीची बरी होती."

 मालक तिच्याजवळ आले आणि आवाज दाबून बोलू लागले. पण नदीवर आवाज कुठं दबतो? "अवं पोरी, लाल लाव. एकदम झकास लाव. सासूचं पोस्टर तर होईल! त्याच्यावर तुझं नाव मोठ्या अक्षरात टाकतो, हिरोच्या बरोबरीनं. बाईच्या हट्टापायी तू काऊन आपलं नाव खराब करून राहिली?"

पोस्टरवर आपलं नाव यावं असं निलाक्षीला फार वाटे. गावोगावच्या भिंतींवर, मोठ्या अक्षरांत. आणि तिनं लाल लावली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. मालकांनी सांगितलं, तिनं केलं. एवढं सोपं होतं.

तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी सगळं ऐकलं होतं.  वाऱ्यानं उडालेला पदर त्यांनी नीट केला आणि बांबू पुन्हा घट्ट धरला.

तेव्हा निलाक्षीनं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. फ्लॅश बंद केला, कॅमेरा खाली घेतला आणि नुसतं पाहत उभी राहिली.

ऊन बाईंच्या डाव्या खांद्यावरून उतरत होतं. ते वाळूवर पडत होतं, आणि वाळू त्यातलं थोडं वर परत फेकत होती. त्या उजेडात बाईंचे हात दिसत होते, हनुवटीची कड दिसत होती. उजेडानं आपलं काम कधीच सुरू केलं होतं. फक्त तो बाईंच्या डोळ्यांपर्यंत पोचत नव्हता. आपण मात्र येताक्षणी त्याला हाकलत आलो, निलाक्षीच्या मनात आलं. घरात आधीच कुणी बसलेलं असावं आणि आपण त्याला न विचारता बाहेर काढून दार लावून घ्यावं, तसं. त्याच्याशी भांडायचं नाही. तो जिथं थांबलाय तिथून त्याला चार बोटं पुढं न्यायचा, बस.

तिनं पन्न्यांची पिशवी वाळूवर उलटी केली. सगळ्यांच्या तळाशी एक फिकट पन्नी निघाली, पांचट चहाच्या रंगाची. विकत घेतलेल्या पाकिटात ती आपसूक आलेली होती. हा काय रंग आहे, म्हणून निलाक्षीनं तिला कधी हातही लावला नव्हता. तिनं ती उन्हात धरून पाहिली. मग वाळूकडे पाहिलं. दोन्हींचा रंग एकच होता.

तिनं ती पन्नी फ्लॅशवर बसवली आणि फ्लॅशचा जोर कमी केला. आणखी कमी केला. आता फ्लॅशचा उजेड वाळू जिथून ऊन परत फेकत होती तिथूनच, खालून यायला हवा होता. स्टँड काही तेवढा खाली जाईना. आणि धरायला तिथं तिसरं माणूस एकच होतं.

"मालक, हे धरा."

"मी?"

"हो. गुडघ्यांवर बसा. वाळूपासून हातभर वर धरा. आणि हलू नका."

"अवं, पँट नवी आहे माझी!"

"वाळू आहे मालक, झटकली का जाते," बाई होडीजवळून म्हणाल्या. "मी इतकी वर्षं लाल रंग झटकून राहिली."

मालक कुरकुरत बसले. निलाक्षीनं डोळा कॅमेऱ्याला लावला. पण बाईंच्या मागचं ऊन अजून फार तेज होतं. त्याच्यापुढं तिचा फिका उजेड पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळून जाई. जोर वाढवला तर चेहरा पुन्हा चिकटवल्यासारखा दिसणार. तिनं जोर वाढवला नाही. ती थांबली.

"मार आता!" मालक ओरडले.

"अजून नाही."

"सूर्य बुडाल्यावर काय काढशील? अंधार?"

"अजून नाही."

"अवं, कंबर गेली माझी! मालक मी आहे का तू?"

निलाक्षीनं डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. या वेळी तिचा आवाज बारीक नव्हता. "मालक तुम्हीच. पण हा उजेड तुमचा नाही आणि माझाही नाही. तो खाली येईपर्यंत थांबावं लागेल. ओरडायचं असेल तर ओरडा, पण हात हलवू नका."

मालकांना त्यांच्या कंपनीत असं कुणी बोललं नव्हतं. ते इतके चकित झाले की खरोखरच हलले नाहीत.

सूर्य पलीकडच्या झाडांना टेकला. आभाळाचा झगमगाट निवला आणि नुसता केशरी रंग उरला. आता मागचा उजेड आणि पुढचा उजेड सारखा झाला. निलाक्षीनं बटण दाबलं. फ्लॅश लागला तशी ती दचकलीच, पण जागची सरकली नाही. दचकून झाल्यावर तिनं दुसरा फोटो काढला. मग आणखी एक. मग झाडांमागे सूर्य गेला आणि तिनं कॅमेरा खाली घेतला.

मालक गुडघे झटकत आले आणि पडद्यावर वाकले. त्यात नदी होती. पलीकडचा काठ होता. वाळूतली होडी होती, आणि बांबूवर भार टाकून उभी असलेली एक थकलेली बाई. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड नदीतूनच वर आल्यासारखा होता. डोळ्यांखालच्या सुरकुत्या दिसत होत्या. कपाळावरचं जुनं गोंदण दिसत होतं, जे इतक्या वर्षांत कुठल्याच पोस्टरवर कुणाला दिसलं नव्हतं.

मालकांनी कॅमेरा हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"फ्लॅश तर माझ्याच हातात होता. लागला होता ना?" त्यांनी विचारलं.

"लागला होता."

"मग दिसत काऊन नाही?"

"तो दिसला असता तर बाई दिसल्या नसत्या."

"पण याच्यात तुझं काम काहीच दिसत नाही. लोक म्हणतील, कोणी पोरानं मोबाईलवर काढला. तुझं नाव टाकलं तरी कोणी विचारणार नाही."

"मग नका टाकू," निलाक्षी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला भिंतींवरची ती मोठी अक्षरं आठवली. पण बोललेलं तिनं मागं घेतलं नाही.

मालकांचं तिच्या उत्तराकडे लक्षच नव्हतं. त्यांची नजर पुन्हा फोटोवर गेली होती. पडद्यावरची बाई कॅमेऱ्यापलीकडे, कुठंतरी लांब पाहत होती.

"ही कोणाची वाट पाहून राहिली?" ते स्वतःशीच पुटपुटले.

"लेकरांची," सत्यशीलाबाई होडीजवळूनच म्हणाल्या.

 मालकांनी कॅमेरा निलाक्षीच्या हातात दिला. मग बाईंकडे न पाहता, नदीकडे तोंड करून ते म्हणाले, "उद्या सकाळी तालमीले या. आणि येताना ते सासूचं लाल लुगडं घेऊन या. कंपनीत जमा करा."

तात्पर्य: कुणाला उजळून दाखवायचं असेल तर त्याच्यावर आधीपासून पडलेला उजेड आधी नीट पाहावा. आपला रंग त्यात मिसळेल एवढाच द्यावा, आणि तेवढाच देताना कुणी कितीही ओरडलं तरी डगमगू नये.