शेपूचा दाणा उखळात

एक होती खार. एवढीशी. मुठीत मावेल एवढी. तिचं नाव शेपू.

शेपू राहायची कौलांत. कौलांखाली होतं भिकूमामाचं स्वयंपाकघर.

त्या स्वयंपाकघरात काय काय होतं?

कोपऱ्यात होतं जातं. घरघर, घरघर. त्यात नाचणी दळायची.

जमिनीत होतं उखळ. उखळात होतं मुसळ. धप्प, धप्प. त्यात भात कांडायचा.

भिंतीशी होती चूल. चुलीपाशी रुक्मीमामी. थप थप, थप थप. मामी भाकरी थापायची.

आणि मधोमध होता ताकाचा डेरा. डेऱ्यात रवी. रवीची दोरी मामाच्या हातात. घर्र घुम, घर्र घुम. मामा ताक घुसळायचा.

एका सकाळी मामाने शेंगा फोडल्या. फट फट फट. शेपू वरून बघत बसली. मामाने एक दाणा उचलला. गुलाबी, गुबगुबीत दाणा. तो शेपूपुढे धरला.

"घे शेपूबाई," मामा म्हणाला. "हा तुझा."

शेपूचा पहिला दाणा. तिचा एकटीचा. शेपूने तो तोंडात धरला. टुणुक, डब्यावर. टुणुक, सुपावर. टुणुक, उखळावरून पलीकडे...

आणि दाणा निसटला.

टण. टण. टण. गुडूप.

शेपूने उखळात डोकावलं. आत काळोख. काळोखात मुसळ उभं. शेपूने पंजा घातला. पंजा पोचेना. शेपूने शेपटी घातली. शेपटी पोचेना. पोटात भूक. डोळ्यांत पाणी.

शेपू म्हणाली,

"माझा दाणा मिळेना.

उखळा उखळा, तू दे ना."

उखळ म्हणालं, "मी कसा देऊ? माझ्यात मुसळ उभं. मुसळ हललं, तर देईन."

शेपूने डोळे पुसले. ती मुसळावर चढली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"उखळ देईना,

माझा दाणा मिळेना.

मुसळा मुसळा, तू हल ना."

मुसळ म्हणालं, "मी केवढं उंच. मी केवढं जड. माझं मला हलता येत नाही. मामा उठला, तर हलेन."

शेपू मामाकडे गेली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. मामाच्या गुडघ्यावर बसली.

"मुसळ हलेना,

उखळ देईना,

माझा दाणा मिळेना.

मामा मामा, तू ऊठ ना."

मामाचा घाम टपटप गळत होता. पण हात थांबला नाही. घर्र घुम, घर्र घुम.

"कधीचा घुसळतोय ग," मामा म्हणाला. "हात भरून आले. आता दोरी सोडली, तर सगळं वाया जाईल. आधी लोणी निघू दे. लोणी निघालं, की उठेन."

"नक्की?" शेपूने विचारलं.

"नक्की," मामा म्हणाला.

शेपू डेऱ्याच्या काठावर चढली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आत पांढरं पांढरं ताक गरगर फिरत होतं.

"मामा उठेना,

मुसळ हलेना,

उखळ देईना,

माझा दाणा मिळेना.

लोण्या लोण्या, तू निघ ना."

ताकातून लोणी म्हणालं, "किती उकडतंय इथे. मी इकडे थोडं, तिकडे थोडं. माझा गोळा होत नाही. मला गार पाणी हवं. माठ निवला, तर निघेन."

शेपू माठाकडे गेली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. माठ तिवईवर बसला होता. पोट मोठं, तोंड लहान. अंगाभोवती ओलं फडकं.

"लोणी निघेना,

मामा उठेना,

मुसळ हलेना,

उखळ देईना,

माझा दाणा मिळेना.

माठा माठा, तू नीव ना."

माठ म्हणाला, "हात लावून बघ."

शेपूने पंजा लावला. माठ कोमट.

माठ म्हणाला, "फडकं आहे ओलं. पण वारा कुठे आहे? वारा आला, तर निवेन."

वारा होता बाहेर. शेपू कौलांतून वर गेली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बाहेर शेवग्याची फांदी डुलत होती. वारा फांदीवर झोके घेत होता. सूं सूं, सूं सूं.

"माठ निवेना,

लोणी निघेना,

मामा उठेना,

मुसळ हलेना,

उखळ देईना,

माझा दाणा मिळेना.

वाऱ्या वाऱ्या, तू ये ना."

वारा म्हणाला, "मला आवडेल की यायला. आत भाकरीचा वास किती छान येतो. पण खिडकी बंद. मी डोकं आपटून आलो. खिडकी उघडली, तर येईन."

शेपू परत आत आली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खिडकीच्या फळीवर बसली.

"वारा येईना,

माठ निवेना,

लोणी निघेना,

मामा उठेना,

मुसळ हलेना,

उखळ देईना,

माझा दाणा मिळेना.

खिडकी खिडकी, तू उघड ना."

खिडकी म्हणाली, "कर्रर्र. कर्रर्र. बघ, मी एवढीच हलते. माझी बिजागरी गंजली. तेलाचा थेंब हवा."

चुलीपासून मामीने मान वळवली. तिच्या कपाळावर घाम. नाकावर पीठ.

"मीही ढकलली ग सकाळी," मामी म्हणाली. "दोन्ही हातांनी ढकलली. हलायला तयार नाही."

खिडकी म्हणाली, "बुधली गळली, तर उघडेन."

बुधली म्हणजे तेलाची छोटी बाटली. ती टांगली होती खिडकीच्या वर. खुंटीला, सुतळीने. शेपू भिंतीवर चढली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"खिडकी उघडेना,

वारा येईना,

माठ निवेना,

लोणी निघेना,

मामा उठेना,

मुसळ हलेना,

उखळ देईना,

माझा दाणा मिळेना.

बुधले बुधले, तू गळ ना."

बुधली म्हणाली, "तेल आहे माझ्या पोटात. पिवळं पिवळं तेल. पण तोंडात बूच. घट्ट. बोलतासुद्धा येत नाही नीट. बूच सुटलं, तर गळेन."

बूच होतं मक्याच्या कणसाचं. चिकट, काळपट, फुगलेलं. शेपू बुधलीच्या मानेवर बसली. आता ती दमली होती. हळू हळू म्हणाली,

"बुधली गळेना,

खिडकी उघडेना,

वारा येईना,

माठ निवेना,

लोणी निघेना,

मामा उठेना,

मुसळ हलेना,

उखळ देईना,

माझा दाणा मिळेना.

बुचा बुचा, तू सूट ना."

बूच म्हणालं, "मी अडकलंय. मामाने ओढलं, तरी सुटलं नाही. मामीने पिळलं, तरी सुटलं नाही. मला कुणीतरी कुरतडायला हवं. कडेकडेनं. बारीक बारीक दातांनी."

"बारीक दात कुणाला आहेत?" शेपूने विचारलं.

"ते मला काय ठाऊक," बूच म्हणालं.

शेपूने खाली बघितलं. मामाला दात आहेत. पण ते मोठे. मामीला दात आहेत. पण तेही मोठे. जात्याला दात नाहीत. माठाला दात नाहीत. वाऱ्याला तर तोंडच नाही.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

शेपूने पंजा तोंडावर ठेवला. पंज्याला काहीतरी टोचलं.

शेपूने पुन्हा हात लावला. वर दोन. खाली दोन. बारीक. टोकदार.

"मला आहेत," शेपू म्हणाली. "दात मलाच आहेत."

मग काय.

कुरतुड कुरतुड. कुरतुड कुरतुड.

"हळू ग," बूच म्हणालं. "गुदगुल्या होतात."

कुरतुड कुरतुड. कुरतुड कुरतुड. शेपूचे गाल दुखले. शेपू थांबली. मान झटकली. पुन्हा लागली. कुरतुड कुरतुड. कुरतुड कुरतुड.

फट्!

बूच सुटलं.

बूच सुटलं, बुधली लवली. टप. एक थेंब. टप. दुसरा थेंब. बुधली गळली. थेंब पडले थेट बिजागरीवर.

बिजागरी भिजली. कर्रर्र नाही. कुर्रर्र नाही. खिडकी उघडली. सर्रर्र.

खिडकी उघडली, वारा आला. सूं सूं सूं. मामीच्या कपाळावरून गेला. "हुश्श," मामी म्हणाली. मामाच्या पाठीवरून गेला. माठाभोवती फिरला. एकदा फिरला, पुन्हा फिरला. फिरतच राहिला.

वारा आला, माठ निवला. मामीने माठाला हात लावला.

"अहो, पाणी गार झालं," मामी म्हणाली.

"मग आण लवकर," मामा म्हणाला.

मामीने तांब्या भरला. डेऱ्यात ओतला. डुबुक डुबुक. मामाने दोरी ओढली. घर्र घुम, घर्र घुम. एक कण दुसऱ्या कणाला चिकटला. दुसरा तिसऱ्याला. लोणी वर आलं. लोणी निघालं. पांढरा शुभ्र गोळा.

लोणी निघालं, मामा उठला. गुडघे कडकड वाजले.

मामा उठला, मुसळ हललं. मामाने ते दोन्ही हातांनी उचललं. भिंतीशी टेकवलं.

मुसळ हललं, उखळाने तोंड उघडं केलं.

"फुटला तर नाही ना?" शेपूने विचारलं. तिला बघवेना. तिने डोळे मिटून घेतले.

मामाने उखळात हात घातला. चाचपलं. इकडे नाही. तिकडे नाही. अगदी तळाशी...

"डोळे उघड," मामा म्हणाला.

शेपूने एक डोळा उघडला. मग दुसरा. मामाच्या तळहातावर दाणा. गुलाबी. गुबगुबीत. अख्खाच्या अख्खा.

शेपूने दाणा दोन्ही पंज्यांत घेतला. खिडकीत जाऊन बसली. आधी खाल्ला नाही. आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"बूच सुटलं,

बुधली गळली,

खिडकी उघडली,

वारा आला,

माठ निवला,

लोणी निघालं,

मामा उठला,

मुसळ हललं,

उखळाने दिला,

माझा दाणा मला मिळाला."

मामी हसली. "मी दोन हातांनी ढकलली, तरी खिडकी हलली नाही," ती म्हणाली. "आणि शेवटी उघडली कुणी?"

"शेपूने," मामा म्हणाला.

"मीच," शेपू म्हणाली.

मग तिने दाणा खाल्ला. कुरुम कुरुम. कुरुम कुरुम. एक तुकडाही सांडला नाही.

मामीने गरम भाकरी ताटात वाढली. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मामा जेवायला बसला. खिडकीतून वारा येत होता. मामाने नखाएवढं लोणी बोटावर घेतलं. बोट खिडकीपाशी नेलं.

शेपूने चाटलं. मिशांना लोणी लागलं. तेही चाटलं.

दाणा गेला पोटात,

लोणी आलं ताटात,

वारा शिरला घरात,

गोष्ट राहिली कानात.