समुद्राला पाठ लावून बसलेली हिरूआय

कहाणी ऐकायची म्हणजे आपण हातात अक्षता धरतो. हिरूआयच्या गोष्टीला अक्षता लागत नाहीत. हात मोकळे ठेवून ऐका. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी भिंतीला टेकलं तरी चालेल.

फार वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी तिवरखार नावाचं गाव होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं आणि मध्ये गावानं घातलेला मातीदगडांचा बांध. खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की तीन वर्षं तिथे भाताचं रोप धरत नाही. म्हणून देवाच्या खालोखाल गाव त्या बांधाला मानायचं. बांधाला पाण्यासाठी एक दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडायची, शेतात साचलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. भरती यायच्या आत बंद करायची.

पण बंद करायची रीत जगावेगळी होती. दोन दगडी खांबांना खाचा होत्या, त्या खाचांत एकावर एक पाच फळ्या बसत, आणि त्या पाच फळ्या पाच आळ्यांतल्या पाच घरी असत. भरतीची वेळ झाली की पाची घरचं माणूस आपली फळी खांद्यावर घेऊन बांधावर येई. एक घर रुसलं तर दार बंद होत नसे, म्हणून गावात कोणी कोणाला फार दिवस रुसू देत नसे. असं म्हणतात, ही वाटणी गावदेवीनंच करून दिली होती. ती म्हणाली होती, अख्खं दार ज्या एकाच्या घरी राहील, त्याच्याच घरी एक दिवस गाव राहील.

त्या पाचांतली एक फळी हिरूबायच्या घरी होती. हिरूबाय गावची सुईण, हीच पुढे हिरूआय झाली. तिवरखारची निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

एका पावसाळ्यात वारं सुटलं आणि भरती वेळेआधीच चढली. हिरूबायचा नवरा होडी घेऊन बाहेर गेलेला, आणि ती दुसऱ्या आळीत एका अडलेल्या बाळंतिणीपाशी. फळी घरात, घराला कुलूप. चार फळ्या बसल्या, पाचवीची जागा उघडी राहिली आणि पाणी आत घुसलं. तेव्हा जोमाजी नावाच्या धिप्पाड गड्यानं आपल्या घराचं दार उखडून आणलं, ते त्या जागी आडवं लावलं आणि खांद्यानं रेटून धरलं. हिरूबाय धावत येईस्तोवर दोन खाचरं गेली होती, पण गाव वाचलं होतं.

गावानं जोमाजीला डोक्यावर घेतलं, आणि ते बरोबरच होतं. चूक झाली ती पुढे. लोक म्हणाले, पाच घरांची वाट बघत बसायचं कशाला? कुणाची फळी उशिरा येते, कुणाची विसरते. सगळ्या फळ्या जोमाजीकडेच देऊ, तो आहे खंबीर. एक फळी जोमाजीच्याच घरची होती, तीन घरांनी आपल्या आनंदानं दिल्या. पाचवी हिरूबायनं मान खाली घालून दिली. तिला कुठल्या तोंडानं नाही म्हणता येणार होतं?

जोमाजीनं पाची फळ्यांना खिळे ठोकून एकच दार केलं, रहाटाला साखळी बांधून ते वर टांगलं आणि साखळीला कुलूप घातलं. पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. दार कधी चुकलं नाही. दुसऱ्या वर्षी जोमाजी म्हणाला, दाराची राखण करतो, तर मळणीची पहिली टोपली माझी. लोकांनी दिली. मग म्हणाला, माझ्या घरच्या कामाला प्रत्येक आळीनं माणूस पाठवायचं. पाठवलं. मग गावात सोयरीकसुद्धा त्याला विचारल्याशिवाय जुळेना. धर्मा नावाचा एक जण पारावर बसून एवढंच बोलला की हे जरा जास्तच होतंय. पुढच्या उधाणाला दार जरासं उशिरा खाली आलं आणि एकट्या धर्माचं सखल खाचर मिठानं पांढरं झालं. त्यानंतर पारावर फक्त पावसापाण्याच्या गोष्टी निघू लागल्या. पूर्वी लोक समुद्राला भीत, आता ते जोमाजीला भिऊ लागले. असं म्हणतात, त्या दिवसांत गावदेवीच्या समईची ज्योतही वाकून जळायची.

हिरूबाय देवळात गेली. देवीपुढे हळदकुंकू वाहून तिनं नेम धरला: पाच फळ्या पाच घरी परत येईपर्यंत या खाचरांतला भात तोंडात घालणार नाही.

आता भाताच्या गावात भात न खाणारी बाई लपते होय? ती सुईण, बारशाला पहिलं पान तिचं. ती पानावरचा भात बाजूला सारायची आणि नाचणीची भाकरी पदरातून काढायची. बाया विचारायच्या, काय गो, पोट बिघडलं का? ती शांतपणे सांगायची, पोट बरं आहे, गावाचं बिघडलंय. एवढंच. ना भाषण, ना भांडण. पण एकेका बारशाला एकेक पान तसंच राहू लागलं. आधी दोघींनी भात सोडला, मग आळीनं सोडला. जोमाजीच्या अंगणात मळणीच्या टोपल्या भरून पडल्या होत्या आणि गाव नाचणी खात होतं.

जोमाजीनं तिला बोलावणं पाठवलं. सगळ्यांदेखत म्हणाला, "हिरूबाय, तुझ्याच फळीपायी गाव बुडत होतं. तू मला शहाणपण शिकवणार?"

"माझी फळी उशिरा आली, खरं आहे," ती म्हणाली. "त्याबद्दल मला बोल, बाबा. बाकी तीन घरांनी काय केलं होतं, त्यांच्या का घेतल्यास?"

"कारण मी एकटा पुरा पडतो."

"तू जन्मलास तेव्हा आडवा होतास. तुझ्या आयला आम्ही पाच जणींनी धरलं होतं, तेव्हा कुठे तू बाहेर आलास. एकटा कधीपासून पुरा पडायला लागलास?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. जोमाजीचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. त्यानं सांगून टाकलं की अमावस्येच्या उधाणाला हिरूबायनं बांधावर यायचं आणि त्याच्या हातून भाताचा घास घ्यायचा. नाही घेतला, तर भर दुपारच्या भरतीला तो दार वर ओढील आणि सगळी खाचरं समुद्राला देईल.

अमावस्येला गाव बांधावर जमलं. जोमाजी साखळीपाशी उभा, त्याची माणसं रहाटाला, समोर केळीच्या पानावर वाफाळता भात. हिरूबाय आली. तिनं भाताला नमस्कार केला, कारण अन्नाचा काय दोष. मग ती पानाला वळसा घालून उघाडीशी उतरली.

जोमाजीनं हात वर केला, रहाट फिरला, दार वर गेलं. आणि हिरूबाय त्या उघड्या तोंडात मांडी घालून बसली. तोंड गावाकडे, पाठ समुद्राकडे.

पाणी तिच्या पाठीला लागलं. तेव्हा धर्माची म्हातारी आय काठी टाकून खाली उतरली आणि तिच्या शेजारी बसली. मग तिसऱ्या आळीतली एक सून उतरली, चौथीतली एक विधवा उतरली. चौघी खांद्याला खांदा लावून बसल्या, आणि तरी एका माणसाची फट राहिली. पाणी त्या फटीतून आत येऊ लागलं.

तेव्हा जोमाजीची बायको ठमा पदर खोचून पुढे झाली. जोमाजी ओरडला, "ठमा, तू कुठे?"

ती वळून म्हणाली, "पाचांतली एक फळी आपल्याही घरची होती की." आणि फटीत जाऊन बसली.

असं म्हणतात, त्या क्षणी समुद्र थांबला. मागे पाणी चढत गेलं, कमरेएवढं, पुरुषभर, माडाएवढं. आत मासे पोहताना दिसत होते. पण पाच पाठींच्या अलीकडे एक थेंब आला नाही.

रहाटावरच्या माणसांनी ते पाहिलं. त्यांच्या आया, बायका तिथे बसलेल्या. त्यांनी रहाट सोडला. पाच फळ्यांच्या त्या भारी दाराची साखळी एकट्या जोमाजीच्या हातात आली. सोडावं तर खाली ठमा, धरावं तर साखळी हातातून सरकतेय. तो खेकसला, धरा रे, मी सांगतो, धरा. कोणी हललं नाही.

हिरूबाय खालून म्हणाली, "जोमा, हुकूम नको. हाक मार."

साखळी आणखी एक वीत सरकली तशी त्यानं हाक मारली, "या रे. मला एकट्याला नाही पेलत."

तेव्हा सगळे धावले. दार बांधावर उतरवलं, खिळे उपटले, आणि एकेक फळी पाच जणींच्या पाठीमागून खाचेत सरकवली. शेवटची बसली तसा समुद्र खाली आला, साधी भरती झाला. हिरूबायला चौघींनी हात देऊन उठवलं.

काही म्हणतात, उठली ती सरळ लाटांवरून चालत देवीकडे गेली. मला दुसरं सांगतात ते पटतं. तिनं घरी जाऊन अंघोळ केली, देवीपुढे नेमाचं उद्यापन केलं, ठमानं तिला भात वाढला आणि तिनं दोनदा मागून घेतला. आणि तिच्याच सांगण्यावरून ठरलं की फळी कुलपात ठेवायची नाही, बाहेर ओटीवर टांगायची. एखादं माणूस अडलं तर शेजाऱ्यानं ती उचलून न्यावी. जोमाजीला गावानं हाकललं नाही. तो जन्मभर बांधाला माती घालत राहिला, आणि चांगली घालत राहिला.

तिवरखारला आजही त्या अमावस्येला पाच आळ्यांतल्या पाच बाया उघाडीवर समुद्राला पाठ लावून बसतात. त्यांच्या पोटी जन्मलेली, त्यांच्या कुशीत वाढलेली माणसं मग फळ्या आणून बसवतात. त्या वर्षी जो कोणी गावाचा पुढारी असेल, त्याच्या घरी फळी असली तर ती त्या दिवशी शेजारी घेऊन येतो. पुढाऱ्यानं फक्त मातीची पाटी डोक्यावर घ्यायची. एखादा नवा पुढारी विचारतो, माझी फळी मीच का आणायची नाही? तेव्हा म्हाताऱ्या त्याच्या डोक्यावरची पाटी नीट करत म्हणतात, "बाबा, तुझ्या हातात आम्ही आधीच पुष्कळ दिलंय. हिरूआयचं नाव घे आणि चाल."